माळावरचं दीड सेंटिमीटर

पाऊस ओसरला की म्हैसूरच्या चामुंडी टेकडीच्या पायथ्याच्या माळावर पावलागणिक काहीतरी तपकिरी भुर्रकन उडतं आणि दोन हातांवर पुन्हा बसतं. बहुतेकांना ते चिलट वाटतं. ते असतं ग्रास ज्युएल, भारतातल्या सर्वांत लहान फुलपाखरांपैकी एक. पसरलेले पंख जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर.

नुसत्या वरून काढलेल्या फोटोवर वाद घालू नये. ग्रास ब्लू नावाच्या फुलपाखरांच्या माद्याही वरून अशाच तपकिरी दिसतात. गुडघे टेकून मिटलेले पंख बघावेत. मागच्या पंखाच्या कडेला काळे ठिपके, त्यांना नारिंगी कोर आणि ठिपक्यांत हिरवट-निळी धातूसारखी चमक दिसली की शंका उरत नाही. ग्रास ब्लूंना हा साज नसतो. कृष्णमेघ कुंटे यांचं 'बटरफ्लाइज ऑफ पेनिन्सुलर इंडिया' २००० साली आलं, तेव्हापासून ही ओळख हौशी माणसाच्याही आवाक्यात आहे.

मादी गोधडीसारख्या जमिनीलगत पसरणाऱ्या शेंगवर्गीय वनस्पतींवर एकेक अंडं घालते. अळी हिरवी, चपटी, पानात मिसळून गेलेली. तिला शोधण्यापेक्षा मुंग्या शोधाव्यात. एकाच पानावर मुंग्या घुटमळत असतील, मिशांनी काहीतरी थोपटत असतील, तर नीट बघा. अळीच्या पाठीवर, शेपटाकडे, एक ग्रंथी असते. तिच्यातून पाझरणारा गोड थेंब मुंग्या टिपतात, आणि त्यांच्या वावरामुळे अळीत अंडी घालायला टपलेल्या गांधीलमाश्या सहसा फिरकत नाहीत. पुढे कोष रेशमी धाग्याने तिथेच बांधला जातो.

म्हणजे अंड्यापासून उडण्यापर्यंतचं सगळं घोटाभर उंचीत. अशा जमिनीला आपण 'पडीक' म्हणतो. लेआउटसाठी जेसीबी फिरतो, त्याचं दुःख निदान बोललं तरी जातं. पण माळावर खड्डे खणून झाडं लावली की टाळ्या पडतात, आणि मला ते तितकंच घातक वाटतं. दाट सावलीत ही वनस्पतींची गोधडी तग धरत नाही. कर्नाटकाचं राज्य फुलपाखरू सदर्न बर्डविंग जंगल मागतं, ग्रास ज्युएलला उघडं ऊन हवं.

कुक्करहळ्ळी तलावाकाठी, विद्यापीठाच्या आवारात, बागांच्या कडेला गवताचा एक पट्टा डिसेंबरपर्यंत न कापता ठेवावा, एवढीच माझी मागणी आहे. त्याला पैसा लागत नाही, फक्त कापणाऱ्याला आधी सांगावं लागतं.