एक सूत गेले कुठे?

खंडाळ्यातल्या घरी कपाट करायचे म्हणून वखारीतून सागाच्या इंची फळ्या आणल्या. भाव घनफुटाचा. घरी मोजल्या तर जाडी २२ मिलिमीटर! इंच म्हणजे २५.४, आठ सुतांच्या इंचातले जवळजवळ एक सूत गायब.

‘करवतीत आणि रंध्यात जातं, साहेब,’ सुतार म्हणाला. जाते खरे, पण पैसे आमचे जातात.

पुढे ‘पाऊण इंची’ प्लायवुडसाठी त्याने सहा सुतांची, म्हणजे १९ मिलिमीटरची खाच पाडली. प्लायवुड निघाले १८चे. फळी अजून डुगडुगते.

वजने-मापे दशमान करणारा कायदा १९५६चा. बोलताना इंच-सूत खुशाल म्हणावे, मीही म्हणतो. पावतीवर मात्र रंध्यानंतरची जाडी मिलिमीटरमध्ये हवी. दर वाढवायचा तर उघड वाढवा. बँकेत दहा पैशांचा फरक सापडेपर्यंत आम्ही घरी जात नसू.