दहा वाजले, आता आटोपा!

गेल्या दिवाळीपासून ह्या दिवाळीपर्यंत मी अकरा मैफली ऐकल्या. तालुक्याच्या गावातल्या शाळामास्तराच्या खिशाला आणि रजेच्या हिशेबाला हा आकडा लहान नव्हे. पुण्याला गेलो, मिरजेला गेलो, कोल्हापूरला गेलो. दोनदा शेवटची एस.टी. चुकली म्हणून स्थानकाच्या बाकावर रात्र काढली. त्याबद्दल माझे गाऱ्हाणे नाही. गाण्यापायी बाकावर झोपणारा मी पहिला नव्हे. माझे गाऱ्हाणे वेगळे आहे. ह्या अकरांपैकी नऊ ठिकाणी मी जे ऐकून आलो त्याला मैफल म्हणावे, की सत्कारसमारंभाच्या शेवटी उरकलेला करमणुकीचा कार्यक्रम म्हणावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

एकीची हकीकत सांगतो. बाकीच्या आठ तिच्या सख्ख्या बहिणी.

निमंत्रणपत्रिकेवर ‘सायंकाळी ठीक सहा वाजता’ असे छापले होते. (‘ठीक’ हा शब्द मराठीत आता निमंत्रणपत्रिकेपुरताच उरला आहे.) पावणेसातला प्रमुख पाहुणे आले. समईच्या पाच वाती पाच मान्यवरांनी पेटवल्या. पंख्याच्या वाऱ्याने त्यांतल्या दोन विझल्या, त्या पुन्हा पेटवल्या. मग शाली निघाल्या. देणगीदारांना शाल, सभागृह देणाऱ्यांना शाल, गेल्या वर्षी ज्यांना शाल दिली होती त्यांच्या हस्ते ह्या वर्षीच्या मंडळींना शाल. निवेदकाने प्रत्येकाच्या कार्याचा आढावा घेतला. अखेर अध्यक्ष उठले. ‘मला गाण्यातले काही कळत नाही’ अशी प्रांजळ कबुली त्यांनी प्रथमच देऊन टाकली आणि मग गाण्यावर बावीस मिनिटे भाषण केले. मी शाळामास्तर आहे. तास किती मिनिटांचा झाला हे मला घड्याळ न पाहताही समजते. त्या दिवशी मात्र मी घड्याळ पाहत होतो.

बुवा सत्तरी ओलांडलेले. साडेपाचपासून ते आतल्या खोलीत बसून होते. तेव्हा लावलेले तंबोरे आठ वाजेतो उतरले होते. ते पुन्हा लावणे आले. तेवढ्या वेळात श्रोत्यांपैकी अर्धे चहाला गेले आणि उरलेल्या अर्ध्यांनी फोन काढले. आठ वीसला बुवांनी बिहागाचा विलंबित ख्याल सुरू केला. पहिली वीस मिनिटे सभागृहात कोणी ना कोणी येत होते, बसत होते, उठत होते. मग हळूहळू सगळे शांत झाले. बुवांचा निषाद स्थिरावला, तीव्र मध्यमाचा नुसता स्पर्श होऊन गंधार असा काही लागला की माझ्या शेजारचा अनोळखी गृहस्थ डोळे पुसू लागला. गाणे आता कोठे सुरू होत होते.

नऊ वीसला रंगमंचावर चिठ्ठी आली: ‘दहाला बंद करावे लागेल. अभंग व्हावा, अशी रसिकांची इच्छा.’ रसिक म्हणजे कोण? मी रसिकांतच बसलो होतो. मला कोणी विचारले नव्हते. बुवांनी चिठ्ठी वाचली, घडी करून मांडीखाली ठेवली, बिहाग आवरता घेतला आणि अभंग गायला. पावणेदहाला भैरवी झाली, टाळ्या झाल्या, आभारप्रदर्शन झाले. त्याला मात्र कोणी चिठ्ठी पाठवली नाही. दाराशी मी बुवांच्या पाया पडलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, “मास्तर, आज आवाज लागला होता हो.”

हे वाक्य गेले आठ महिने माझ्या कानांतून जात नाही. सत्तरीच्या गवयाचा आवाज रोज लागत नाही. त्या रात्री तो लागला होता आणि आम्ही तो वेळ शालींना दिला.

ह्यावर आयोजकांचे उत्तर तयार असते: ‘काय करणार? कायदा आहे.’ कायदा आहे, हे खरे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी केली आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बजावून सांगितली. मी त्या बंदीच्या बाजूचा आहे. परीक्षेच्या दिवसांत माझी मुले कोणत्या गोंगाटात अभ्यासाला बसतात ते मी पाहतो. परंतु आयोजक नियमाचा पहिलाच भाग वाचतात. बंद सभागृहातल्या बंद सभागृहापुरत्या आवाजाला त्याच नियमात सूट आहे. उघड्या मांडवासाठीही सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांपुरती, वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत, मध्यरात्रीपर्यंतची सवलत देण्याची मुभा राज्य सरकारांना आहे. वर सांगितलेली मैफल चार भिंतींच्या आत, दारे लावून चालली होती. तिथे दहा वाजवले ते कायद्याने नव्हे, आमच्या सोयीने. आणि कायद्याचेच भय असेल, तर सहाचे गाणे सहाला सुरू करण्यास कोणत्या न्यायालयाने मनाई केली आहे?

ह्यात जाते काय, ते मोजून पाहा. भातखंड्यांनी रागांची व्यवस्था लावली ती दिवसरात्रीच्या आठ प्रहरांवर. सकाळी सहा ते रात्री दहा एवढेच गाणे, असे एकदा ठरले की रात्रीच्या दुसऱ्या प्रहराचा एक तास हाती उरतो. तिसरा आणि चौथा हे प्रहर संपूर्ण जातात. म्हणजे दरबारीची वेळ गेली, मालकंसाची गेली, उजाडण्यापूर्वीच्या ललताची गेली. पुण्याच्या ज्या सवाई गंधर्व महोत्सवाचा पाया भीमसेन जोशींनी १९५३ साली घातला, तेथे एके काळी रात्र रात्र गाणे चाले. ते ऐकलेली माणसे आता म्हातारी झाली. आमच्या शेजारची मुलगी गाण्याच्या परीक्षा देते. ‘रागाचा समय लिहा’ ह्या प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी गुण मिळतात. तिने मालकंस ऐकला आहे तो फोनवर, दुपारी जेवणानंतर. कैरी न चाखता तिची चव निबंधात लिहावी, तसले हे गुण.

कोणी म्हणेल, ‘समय हा निव्वळ संकेत. कर्नाटक संगीत तो इतका काटेकोर पाळत नाही. तिथे आभाळ कोसळले का?’ कोसळले नाही. दरबारी सायंकाळी सातला गायला तर येथेही कोसळणार नाही. पण राग उलगडायला जो निवांतपणा लागतो तो तरी द्याल की नाही? दुसरा कोणी म्हणेल, ‘जुन्या तबकड्यांवर थोर गवयांनी तीन मिनिटांत राग उभा केला.’ केला खरा. केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली आणि आजही दूर दूर चालली आहे. परंतु तबकडीला जागा नव्हती म्हणून ती तीन मिनिटे होती. आमच्याकडे चार तासांची जागा आहे आणि तिच्यातले तास-सव्वा तास आम्ही गवयाला देतो.

आणि जो वेळ कायद्याने हातचा ठेवला आहे, त्याचे तरी आम्ही काय करतो? दिवाळी पहाट घ्या. पहाटे सहाचा समय, अभ्यंगस्नान करून आलेली माणसे, थंडी. भटियाराला, भैरवाला ह्याहून चांगली बैठक शोधून सापडणार नाही. ह्या वर्षी मी तिथेही गेलो. दोन निवेदक, तीन भाषणे, चार प्रायोजकांचे पडदे आणि चित्रपटगीतांची माळ. चित्रपटगीतांशी माझे वैर नाही. ती मीही गुणगुणतो. पण ती दिवसभर कुठेही ऐकू येतात. भैरवाला वर्षातून एक पहाट मिळाली होती. तीही आम्ही त्याला दिली नाही.

सगळा दोष आयोजकांच्या माथी मारून मी मोकळा होणार नाही. सत्काराला टाळ्या आम्हीच वाजवतो. उशिरा आम्हीच येतो, कारण वेळेवर सुरू होणार नाही हे आम्हांला ठाऊक असते. आणि आम्ही उशिरा येतो म्हणून ते वेळेवर सुरू होत नाही. मार्च महिन्यात ऐन जोडरागात मी स्वतः एस.टी.साठी उठलो. माझ्या चपलांचा आवाज त्या बाईंनी ऐकला असणार. त्याची लाज मला अजून वाटते.

अकरांपैकी दोन मैफली खऱ्या झाल्या, असे मी म्हटले. त्यांतली एक मिरजेची. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गायक-वादक हजेरी लावतात. तेथे गाणे ही सेवा असते. सेवा करणारा शालीकडे पाहत बसत नाही. दुसरी परवाच्या कोजागरीची. एका जुन्या वाड्याच्या माजघरात आम्ही पंचवीस-तीस माणसे बसलो. ध्वनिक्षेपक नव्हता, निवेदक नव्हता. शेजारच्या बिऱ्हाडांना आधी विचारले होते. त्यांतली दोन बिऱ्हाडे येऊन बसली. आटीव दूध झाले, बारा वाजून गेले आणि एका तरुण गवयाने मालकंस लावला. ती परीक्षा देणारी मुलगी भिंतीला टेकून बसली होती. पाऊण तासाने ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “सर, हा तोच राग आहे?”

तोच राग होता. ही ओळख करून द्यायला फार पैसे लागत नाहीत. एक माजघर लागते, दोन जवारीदार तंबोरे लागतात आणि गवयाला मनासारखे गाऊ देण्याची दानत लागते. गावोगावच्या संगीतमंडळांनी महिन्यातून नव्हे, वर्षातून चारच रात्री अशा कराव्यात. शाली त्यांनी खुशाल वाटाव्यात, पण दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्यांना त्या हव्या असतील त्यांच्या घरी जाऊन.

मी माझ्यापुरते ठरवले आहे. यापुढे पत्रिका हाती आली की गवयाच्या नावाआधी सत्कारमूर्तींची यादी वाचायची. ती चार ओळींहून लांब असली, तर गाण्याला जायचे नाही. आणि गेलोच, तर पहिल्या रांगेत बसून अध्यक्षांना चिठ्ठी पाठवायची: ‘सात वाजले. आता आटोपा. अशी रसिकांची इच्छा.’