विश्लेषण : एकाच मोसमात १२१ पराभव... शिकागो व्हाइट सॉक्सची दुसरी ‘पुनर्बांधणी’ चाहत्यांच्या गळी का उतरत नाही?

२४ सप्टेंबर २०२४ ची रात्र. अमेरिकेतल्या शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचे तोपर्यंत १२० पराभव झाले होते. आणखी एक पराभव झाला असता तर नकोसा विक्रम नावावर लागणार होता. घरच्या मैदानावर जमलेल्या चाहत्यांनी त्या रात्री ‘संघ विकून टाका’ अशा घोषणा मालकाला उद्देशून दिल्या. आणि नेमका तोच सामना संघाने ३-२ असा जिंकला! हरायचं म्हटलं तरी वेळेवर हरता येईना, अशी गत.

अखेर तीन दिवसांनी, २७ सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये १२१ वा पराभव झाला आणि १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० पराभवांचा विक्रम मोडला. मोसम संपला तेव्हा हिशेब होता : ४१ विजय, १२१ पराभव. मधल्या काळात संघ सलग २१ सामनेही हरला होता.

पण चाहत्यांचा खरा राग या आकड्यावर नाही. ‘काही वर्षं कळ काढा, मग चांगले दिवस येतील’ असं याच क्लबने २०१६ मध्ये सांगितलं होतं. लोकांनी कळ काढली. आता तेच वाक्य पुन्हा ऐकायला मिळतंय. हे दुसऱ्यांदा का घडलं आणि या वेळी विश्वास ठेवावा असं काही आहे का, ते समजून घेऊ.

पुनर्बांधणी म्हणजे नेमकं काय?

मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ एका मोसमात १६२ सामने खेळतो. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाच्या संघांची खालच्या श्रेणीत घसरण होते. इथे तसं काही नाही. उलट नव्या खेळाडूंची वार्षिक निवड, म्हणजे ‘ड्राफ्ट’, होते तेव्हा तळाच्या संघांना आधी निवडीची संधी मिळते. थोडक्यात, वाईट हरण्याची शिक्षा नाही, थोडंफार बक्षीसच आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. नवा खेळाडू मेजर लीगमध्ये आला की साधारण सहा मोसम त्याच्यावर क्लबचा हक्क असतो. त्यातली पहिली तीन वर्षं त्याला किमान वेतनाच्या आसपासच पैसे मिळतात. त्यामुळे तरुण आणि गुणी खेळाडू हा या खेळातला सर्वांत स्वस्त सौदा ठरतो.

यातूनच ‘ट्रेड’ जन्माला येतो. दुबळा संघ आपला मोठा खेळाडू बलाढ्य संघाला देतो आणि बदल्यात खालच्या स्तरावर खेळणारे तीन-चार होतकरू खेळाडू घेतो. आयपीएलमध्ये महालिलाव झाला की सगळ्याच संघांची पाटी बरीचशी कोरी होते. बेसबॉलमध्ये असा लिलाव नाही. म्हणून इथे संघ नव्याने उभा करायला चार-पाच वर्षं सहज लागतात.

हा मार्ग यशस्वी होऊ शकतो हेही खरं. शिकागोचाच दुसरा संघ, कब्ज, २०१२ मध्ये १०१ सामने हरला आणि २०१६ मध्ये विजेता झाला. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज २०११ ते २०१३ या तीन मोसमांत अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने हरला आणि २०१७ मध्ये जिंकला. त्या विजेतेपदाला पुढे प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याचा डाग लागला. पण तोवर हे औषध सगळीकडे लोकप्रिय झालं होतं.

पहिल्या वेळी काय झालं?

व्हाइट सॉक्सने २००५ मध्ये तब्बल ८८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली होती. त्यानंतर हळूहळू उतरण लागली. डिसेंबर २०१६ मध्ये क्लबने मोठा निर्णय घेतला आणि आपला सर्वोत्तम पिचर क्रिस सेल बोस्टनला देऊन टाकला. बदल्यात आले योआन मोंकाडा, मायकेल कोपेक आणि आणखी दोघे. लगेच अ‍ॅडम ईटनला वॉशिंग्टनला पाठवून लुकास जिओलिटो, रेनाल्डो लोपेझ आणि डेन डनिंग हे तीन पिचर घेतले. जुलै २०१७ मध्ये होसे किंताना चक्क शहरातल्याच कब्जकडे गेला. त्या सौद्यात एलोय हिमेनेझ आणि डिलन सीज मिळाले.

चाहत्यांनी हे सगळं आनंदाने स्वीकारलं. २०१८ मध्ये १०० पराभव झाले तरी कुरकुर फारशी नव्हती, कारण पुढचं चित्र दिसत होतं. २०२० मध्ये संघ प्लेऑफमध्ये पोहोचला. २०२१ मध्ये ९३ सामने जिंकून गटात पहिला आला. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

आणि तिथेच सगळं संपलं. २०२१ च्या प्लेऑफमध्ये अ‍ॅस्ट्रोजने ३-१ असं हरवलं. २०२२ मध्ये ८१ विजय आणि ८१ पराभव, २०२३ मध्ये १०१ पराभव, २०२४ मध्ये १२१ आणि २०२५ मध्ये १०२. पाच वर्षांच्या पेरणीतून प्लेऑफमधली एकही मालिका जिंकता आली नाही.

मग बिघडलं कुठे?

काही भाग नशिबाचा होता. हिमेनेझ, मोंकाडा आणि लुइस रॉबर्ट या तिघांनाही दुखापतींनी वारंवार बाहेर बसवलं. पण दुखापती सगळ्याच संघांना होतात. अशा वेळी दुसरी फळी उपयोगी पडते आणि व्हाइट सॉक्सकडे ती नव्हती. मोठी नावं जमवली, त्यांच्या मागे उभे राहतील असे खेळाडू घडवले नाहीत.

दुसरी चूक नेतृत्वाची. २०२० मध्ये संघाला प्लेऑफमध्ये नेणारे मॅनेजर रिक रेंटेरिया यांना हटवून ७६ वर्षांच्या टोनी ला रुसा यांना आणलं गेलं. ते मालक जेरी राइन्सडॉर्फ यांचे जुने स्नेही. १९८६ मध्ये याच क्लबने त्यांना काढलं होतं आणि त्याची खंत राइन्सडॉर्फ यांना कायम होती. तरुण संघाची सूत्रं कुणाकडे द्यावीत हे जुन्या हळहळीवरून ठरलं, असं चाहत्यांचं म्हणणं. प्रकृतीच्या कारणाने ला रुसा २०२२ च्या मोसमातच बाजूला झाले.

तिसरी गोष्ट पैशाची. राइन्सडॉर्फ यांच्या गटाकडे १९८१ पासून हा क्लब आहे. मायकेल जॉर्डनच्या काळात गाजलेला शिकागो बुल्स हा बास्केटबॉल संघही त्यांचाच. पण बेसबॉलमध्ये त्यांचा हात आखडता राहिला. व्हाइट सॉक्सने आजवर एका खेळाडूशी केलेला सर्वांत मोठा करार आहे अँड्र्यू बेनिनटेंडीचा, पाच वर्षांसाठी ७.५ कोटी डॉलर. २०१९ मध्ये क्लब मॅनी मचाडोच्या मागे होता. तो सॅन डिएगोकडे गेला, १० वर्षांसाठी ३० कोटी डॉलरवर. स्वस्त तरुण खेळाडूंमुळे वाचलेला पैसा योग्य वेळी खर्च करणं हा पुनर्बांधणीचा दुसरा अर्धा भाग. तो झालाच नाही.

आधी विकून आणलेले, तेच पुन्हा विकले?

चाहत्यांना सर्वांत जास्त बोचते ती ही बाब. २०१६-१७ मध्ये ज्यांच्यासाठी मोठे खेळाडू दिले, त्यांनाच २०२३ आणि २०२४ मध्ये पुन्हा बाजारात उभं केलं गेलं.

ईटनच्या बदल्यात आलेले जिओलिटो आणि लोपेझ जुलै २०२३ मध्ये एंजल्सकडे गेले. त्यांच्या बदल्यात तरुण कॅचर एडगर केरो आला. किंतानाच्या बदल्यात आलेला सीज मार्च २०२४ मध्ये सॅन डिएगोला गेला. सेलच्या बदल्यात आलेला कोपेक जुलै २०२४ मध्ये डॉजर्सकडे गेला आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या संघात होता. म्हणजे पहिल्या पुनर्बांधणीचं पीक दुसऱ्या पुनर्बांधणीचं बियाणं झालं. मधे जेवणाचं ताट वाढलंच गेलं नाही.

जखमेवर मीठ म्हणजे, २५ जुलै २०२४ रोजी सीजने सॅन डिएगोकडून ‘नो-हिटर’ टाकला, म्हणजे पूर्ण सामन्यात प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट मिळू दिली नाही. त्या दिवशी व्हाइट सॉक्सची २१ पराभवांची मालिका सुरू होती. आणि २०१६ मध्ये दिलेला क्रिस सेल? त्याने २०२४ मध्ये अटलांटाकडून खेळताना नॅशनल लीगच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला.

ट्रेड फसला की नाही, हे लगेच कळतं का?

इथे चाहत्यांनीही थोडं थांबायला हवं. कोपेक, एरिक फेडी आणि टॉमी फॅम असे तीन खेळाडू दिले, त्या तीन संघांच्या ट्रेडमध्ये मुख्य मोबदला होता डॉजर्सचा मिगेल वर्गास. त्या मोसमात उरलेल्या सामन्यांत त्याची सरासरी होती फक्त .१०४, म्हणजे दहा वेळा बॅट घेऊन उभा राहिला तर जेमतेम एक हिट. समाजमाध्यमांवर या सौद्याची यथेच्छ टर उडवली गेली. पण २०२५ मध्ये तोच वर्गास संघाचा नियमित खेळाडू झाला आणि त्याने १६ होम रन मारले. तो फार मोठा तारा नाही, पण फुकट गेलेला खेळाडूही नाही.

याउलट, २०१६-१७ चे सौदे जाहीर झाले तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली होती. सौदा झाल्या दिवशी मिळालेले गुण आणि पाच वर्षांनी लागलेला निकाल यांचा मेळ बसतोच असं नाही. ‘आपल्याला कोण मिळालं’ हा प्रश्न अर्धाच. ‘त्याला घडवणार कोण’ हा उरलेला अर्धा.

हरण्याचं बक्षीस तरी मिळालं का?

तेही नाही. मुद्दाम हरण्याला आळा बसावा म्हणून मेजर लीगने ड्राफ्टच्या पहिल्या सहा क्रमांकांसाठी लॉटरी आणली. त्यात एक अट आहे. महसूल वाटपात पैसे देणाऱ्या, म्हणजे मोठ्या बाजारपेठेतल्या, क्लबला सलग दोन वर्षं लॉटरीतला क्रमांक मिळत नाही. व्हाइट सॉक्सला २०२४ मध्ये पाचवा क्रमांक मिळाला होता. त्यामुळे १२१ पराभवांनंतरही २०२५ च्या ड्राफ्टमध्ये त्यांचा नंबर लागला थेट दहावा. २०२६ च्या ड्राफ्टसाठी मात्र नशीब उघडलं. डिसेंबर २०२५ मधल्या लॉटरीत पहिला क्रमांक त्यांना मिळाला.

या वेळी काही वेगळं आहे का?

ऑगस्ट २०२३ मध्ये केन विल्यम्स आणि रिक हान या जुन्या सूत्रधारांना काढण्यात आलं. त्यांच्या जागी आले क्रिस गेट्झ. चाहत्यांनी कपाळाला हात लावला, कारण गेट्झ आधी याच क्लबचा खेळाडू घडवण्याचा विभाग सांभाळत होते आणि तोच विभाग कमजोर ठरला होता.

तरीही काही खुणा आश्वासक आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये पिचर गॅरेट क्रोशे बोस्टनला देऊन चार तरुण घेतले. त्यांतले कॅचर काइल टील आणि चेस मायड्रॉथ २०२५ मध्येच मेजर लीगमध्ये स्थिरावू लागले. क्लबने स्वतः निवडलेला कोल्सन माँटगोमेरी जुलै २०२५ मध्ये आला आणि त्याने ७१ सामन्यांत २१ होम रन ठोकले. दुसऱ्या संघाने राखीव न ठेवलेला पिचर शेन स्मिथ अवघ्या एक लाख डॉलरमध्ये घेतला आणि पहिल्याच मोसमात तो ऑल-स्टार झाला. विकत आणलेल्या नावांपेक्षा ही शेवटची दोन उदाहरणं महत्त्वाची, कारण खेळाडू घडू लागल्याची ती चिन्हं आहेत. नवे मॅनेजर विल व्हेनेबल यांच्या पहिल्या मोसमात विजय ४१ वरून ६० वर गेले.

पण क्रोशेच्याच उदाहरणात धोकाही दिसतो. बोस्टनने त्याला सहा वर्षांसाठी १७ कोटी डॉलरचा करार दिला. व्हाइट सॉक्सने ज्याला घडवलं त्याला टिकवण्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

चाहत्यांनी आता काय पाहावं?

२००६ मध्ये, विजेतेपदानंतरच्या मोसमात, घरच्या मैदानावर साडेएकोणतीस लाखांहून जास्त प्रेक्षक आले होते. २०२४ मध्ये ते १४ लाखांच्याही खाली आले. मे २०२५ मध्ये निवडले गेलेले पोप लिओ चौदावे हे याच संघाचे चाहते. २००५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये ते प्रेक्षकांत बसलेले टीव्हीवर दिसले होते. आता प्रार्थनेची सोय झाली, असे विनोद तेव्हा भरपूर झाले. दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो, तशी बाकीच्यांची अवस्था आहे.

मालकी बदलण्याची वाटही दिसू लागली आहे. जून २०२५ मध्ये जाहीर झालेल्या करारानुसार राइन्सडॉर्फ २०२९ ते २०३३ या काळात नियंत्रण जस्टिन इश्बिया यांच्याकडे सोपवू शकतात. त्यानंतर ते विकत घेण्याचा पर्याय इश्बिया यांना असेल. म्हणजे इतक्यात तरी काही बदलणार नाही.

म्हणूनच पुढचा ट्रेड कितीही चमकदार वाटला तरी खरी कसोटी त्याची नाही. येत्या चार-पाच वर्षांत टील आणि माँटगोमेरी महाग होतील. तेव्हा क्लब त्यांना मोठा करार देऊन ठेवून घेतो, की पुन्हा चार होतकरू मुलांच्या बदल्यात देऊन टाकतो, यावरून ही पुनर्बांधणी होती की नुसती विक्री, ते ठरेल.