पुढच्या साथीत पगार कोण देणार?

चार श्रम संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून देशभर लागू झाल्या. तेव्हापासून ग्रॅच्युइटी, मूळ वेतनाचे पन्नास टक्के आणि हातात पडणारा पगार यांवर पुष्कळ छापून आले. महासाथीत कारखाना बंद ठेवावा लागला तर पगार कोणी द्यायचा, यावर मात्र कोणी बोलताना दिसत नाही. मी हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांची पगारपत्रके, पीएफ आणि ईएसआयसीची कामे पाहतो. कोरोनाच्या काळात या प्रश्नाचा जो खेळखंडोबा झाला तो पुन्हा होईल, कारण कायद्याने त्याची दखलच घेतलेली नाही.

29 मार्च 2020 रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला. बंद काळातले वेतन ठरल्या तारखेला, कसलीही कपात न करता द्या. दोन दिवसांनी राज्यानेही तेच सांगितले. पगाराची सात तारीख तोंडावर होती. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी मार्चचा पगार दिला; एप्रिलच्या पगाराला बहुतेकांची ओढाताण झाली. मालाचे पैसे अडकलेले, बँकेचा हप्ता पुढे ढकललेला पण व्याज चालू, विजेचा स्थिर आकारही लांबणीवर टाकलेला, माफ नव्हे. एवढे सगळे अंगावर असताना शंभर टक्के पगाराची जबाबदारी एकट्या मालकावर, आणि तीही एका परिपत्रकाने. मे महिन्यात तो आदेश गुपचूप मागे घेतला गेला. 12 जूनला सर्वोच्च न्यायालयाने फिकस पॅक्स या कंपनीच्या याचिकेत सांगितले की मालकांवर सक्तीची कारवाई करू नका. मालक-कामगारांनी आपसात बसून तोडगा काढावा, गरज पडल्यास कामगार खात्याने मदत करावी.

आपसात म्हणजे कोणाशी? पंचवीस-तीस माणसांच्या कारखान्यात युनियन नसते. ठेकेदाराचे कामगार तर तोवर जबलपूर रस्त्याने खवासा ओलांडून आपापल्या गावी पोचले होते, कित्येक जण पायी. त्यांच्या वतीने वाटाघाटीला ठेकेदार बसणार होता की काय?

न्यायालयांना दोष देत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 30 एप्रिलला एका कारखान्याच्या याचिकेत पगार द्यायलाच सांगितला, मात्र प्रवास आणि जेवणाचे भत्ते वगळण्याची मुभा दिली. जिथे कारखाने सुरू झाले तिथे मुद्दाम न येणाऱ्याचा पगार कापता येईल, असेही म्हटले. पुढे 12 मे रोजी त्याच न्यायमूर्तींनी तुळजाभवानी मंदिर संस्थानातल्या कंत्राटी कामगारांच्या बाजूने आदेश देताना ‘काम नाही तर दाम नाही’ हे तत्त्व अशा असाधारण काळात लावता येणार नाही, अशी भूमिका घेतली. निकाल सुजाण आहेत. पण सात तारखेचा पगार औरंगाबादच्या किंवा दिल्लीच्या सुनावणीसाठी थांबत नाही.

खरे तर आपल्याकडे नियम होता. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफची, म्हणजे काम देता येत नसल्याने कामगाराला तात्पुरते घरी बसवण्याची, व्याख्या होती, तिच्यात नैसर्गिक आपत्तीचा उल्लेख होता आणि वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला ले-ऑफच्या काळात मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळत होती. सरकारला एवढेच करायचे होते की ही निम्मी रक्कम मालकाने द्यावी आणि वरची भर सरकारी तिजोरीतून किंवा विम्यातून घालावी. ते झाले नाही. या तरतुदीत एक मोठे भोक आहे, हेही सांगायला हवे. ती पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला लागूच नव्हती. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती मर्यादा तशीच ठेवली आहे. हिंगण्यातले निम्मेअधिक शेड मोजून पाहा, पन्नास माणसे किती ठिकाणी सापडतात.

सर्वांत उफराटा कारभार ईएसआयसीच्या बाबतीत झाला. अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेतला बेकारी भत्ता सरासरी वेतनाच्या 25 टक्क्यांवरून 50 टक्के केला, कमाल नव्वद दिवसांसाठी. चांगलेच केले. पण तो नोकरी सुटलेल्यांसाठी होता. म्हणजे ज्या मालकाने माणसाला काढून टाकले त्याच्या कामगाराला निम्मे वेतन. ज्याने नाव मस्टरवर ठेवले पण द्यायला पैसे नव्हते, त्याच्या कामगाराला शून्य. माणूस टिकवणाऱ्याला शिक्षा आणि सोडणाऱ्याला सवलत, असा हा हिशेब! त्याच सुमारास ब्रिटनचे सरकार घरी बसवलेल्या कामगाराच्या वेतनाचे 80 टक्के, महिना 2,500 पौंडांपर्यंत, मालकामार्फत देत होते, अट ही की त्याला नोकरीवर ठेवा. जर्मनीत कमी तास काम देऊन उरलेल्या वेतनाचा मोठा वाटा विम्यातून भरण्याची पद्धत कोरोनाच्या कितीतरी आधीपासून आहे. आपण श्रीमंत नाही, कबूल. पण पैसा किती द्यायचा आणि कशाच्या बदल्यात द्यायचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर गरीब देशालाही बरोबर देता येते.

पीएफचेही तसेच. सरकारने काही महिने मालक आणि कामगार दोघांचा मिळून 24 टक्के वाटा भरला, पण शंभरपर्यंत कामगार आणि त्यांतले 90 टक्के पंधरा हजारांच्या आत, अशी अट होती. वीस जणांच्या शेडमध्ये तीन अनुभवी टर्नर-फिटर पंधरा हजारांच्या वर गेले की प्रमाण 85 टक्क्यांवर येते आणि सगळी सवलत जाते. चांगला कारागीर चांगल्या पगारावर ठेवणारा मालकच तेवढा बाहेर.

आता नव्या संहितांत काय आहे ते पाहा. सामाजिक सुरक्षा संहितेनुसार महासाथीत केंद्र सरकारला पीएफ आणि ईएसआयचे योगदान एका वेळी तीन महिन्यांपर्यंत पुढे ढकलता किंवा कमी करता येते. व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार अशा काळात कामाच्या ठिकाणांना तरतुदींतून सूट देता येते. मालकाच्या सोयीसाठी महासाथ कायद्यात आली. कामगाराच्या वेतनासाठी आली नाही. गुजरातने 2020 मध्ये कारखान्यांना दुप्पट दराच्या ओव्हरटाइममधून सूट दिली होती, ती 1 ऑक्टोबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, हे विसरता येणार नाही. आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने तर सप्टेंबर 2025 मध्ये, कसलीही साथ नसताना, कारखान्यातली कामाची कमाल मर्यादा नऊवरून बारा तास करायला मंजुरी दिली.

माझ्या ओळखीचे उद्योजक म्हणतील, सगळा भार सरकारनेच उचलावा. युनियनवाले म्हणतील, पूर्ण पगाराच्या खाली बोलूच नका. दोघांचेही मला पटत नाही. आणि ‘चांगले मालक स्वतःहून देतातच’ हा युक्तिवाद तर नागपुरात कोणी करू नये. जमशेटजी टाटांच्या एम्प्रेस मिलने 1886 मध्ये पेन्शन फंड आणि 1895 मध्ये अपघात भरपाई सुरू केली. देशात अपघात भरपाईचा कायदा आला 1923 मध्ये. मधल्या अठ्ठावीस वर्षांत इतर गिरण्यांत ज्यांचे हात यंत्रात गेले, त्यांना एम्प्रेसच्या चांगुलपणाचा काय उपयोग झाला?

माझी मागणी साधी आहे. साथीमुळे सरकारी आदेशाने कारखाना बंद झाला तर निम्मे वेतन मालकाने द्यावे, तीस टक्के ईएसआयसीने, आणि उरलेली तूट कामगाराने सोसावी; मात्र नाव मस्टरवर राहिलेच पाहिजे. ठेकेदाराच्या कामगाराचा वाटा मूळ कारखान्याकडून थेट त्याच्या बँक खात्यात जावा. पन्नासची मर्यादा या एका प्रसंगापुरती काढावी. पैशाचे म्हणाल, तर जुलै 2019 मध्ये ईएसआयचे योगदान साडेसहावरून चार टक्क्यांवर आणले गेले; त्यातला पाव टक्का परत घेऊन वेगळा निधी करायला माझ्या ग्राहकांपैकी काहींचा तरी विरोध नसेल, बाकीचे माझ्यावर चिडतील.

ईएसआयसी केंद्राच्या अखत्यारीत आहे, त्यामुळे ही गोष्ट एकट्या राज्याच्या हातातली नाही. पण राज्याला शिफारस करता येते, आणि दर हिवाळ्यात सरकार आमच्याच गावी अधिवेशनाला येते. विदर्भातल्या आमदारांनी निदान एक तारांकित प्रश्न तरी विचारावा.

आपला,
एक वेतन सल्लागार, हिंगणा रोड, नागपूर