सगळं आलं, नदी सोडून

गेल्या दोन वर्षांत मला एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. विचारणारी बहुतेक आपल्याच बेळगाव-निपाणीकडची मुलं. कुणी पुण्यात, कुणी बंगळूरला, कुणी पार तिकडे फ्रँकफर्टला. "काकू, आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होताहेत. त्यांना युरोपात रिव्हर क्रूझवर पाठवावं म्हणतोय. एकदा पैसे भरले की सगळं त्यात येतं म्हणे. तुम्ही दोघं जाऊन आलाय, कसं असतं सांगा ना." फोनवर सांगत बसलं की तव्यावरची भाकरी करपते. म्हणून या महिन्याचं सदर त्यालाच देते.

आपल्या भागातल्या माणसाला नदीतली बोट म्हटलं की आधी पणजी आठवते. संध्याकाळी मांडवीवर तासभर फेरी, डेकवर कोकणी गाणी, थोडा नाच, की परत धक्क्यावर. ही मांडवी म्हणजे आपल्याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई, हे सोबतच्या नातवंडांना जरूर सांगा. बाकी कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभा यांच्याशी आपलं नातं उसाच्या पाण्याचं, नाहीतर पुराचं. नदीवर आठ दिवस राहायचं, तिथंच जेवायचं, झोपायचं आणि उठल्यावर नवं गाव बघायचं, ही गोष्ट आपल्याला नवीच.

आपल्या देशात ती खूप गाजली २०२३ साली. १३ जानेवारीला वाराणसीहून 'गंगा विलास' निघालं. ५१ दिवस, सुमारे ३२०० किलोमीटर, वाटेत बांगलादेश आणि शेवट आसामात दिब्रुगडला. १८ सूट, ३६ प्रवासी एवढंच जहाज. पहिल्या फेरीला स्वित्झर्लंडचे ३२ प्रवासी होते. निघून तीन-चार दिवस होतात न होतात तोच, बिहारमध्ये छपऱ्याजवळ जहाज उथळ पाण्यात अडकल्याच्या बातम्या आल्या. अधिकाऱ्यांनी त्या नाकारल्या. जहाज खोल पाण्यात नांगरून प्रवाशांना छोट्या बोटींनी चिरांदचं उत्खनन दाखवायला नेलं, असा खुलासा झाला. खरं-खोटं बाजूला ठेवू. त्या बातमीत मला या सगळ्या प्रवासप्रकाराचं मर्म दिसलं. जहाज कितीही महागडं असो, ते चालतं नदीच्या पाण्यावर, आणि ते पाणी कंपनीच्या हातात नसतं.

आता युरोपचं बघू. तिथली नदीतली जहाजं समुद्रातल्या क्रूझसारखी अवाढव्य नसतात. पुलांखालून आणि लॉकमधून जायचं असल्याने लांबी फार तर १३५ मीटर, रुंदी साडेअकरा मीटरच्या आसपास. प्रवासी दीडशे ते दोनशे. पोहण्याचे मोठे तलाव, कॅसिनो, रोजचे भव्य कार्यक्रम असलं काही नसतं. संध्याकाळी एखादा पियानोवाला असतो. दहानंतर बहुतेक मंडळी झोपलेली. आपल्या आईबाबांना हे मानवतं. कंटाळा येतो तो बरोबर गेलेल्या नातवंडांना.

'सगळं त्यात येतं' म्हणजे नेमकं काय? खोली, तीन वेळचं जेवण, दिवसभर चहा-कॉफी आणि बहुतेक गावांत एक मार्गदर्शित फेरी, एवढं साधारण धरून चाला. पुढे कंपनीगणिक फरक पडतो. काहींकडे वाइन-बिअर फक्त जेवणाबरोबर फुकट, काहींकडे दिवसभर. काहींच्या भाड्यात टिप धरलेली, तर काहींकडे ती वेगळी. ती साधारण माणशी रोज १० ते १५ युरो, म्हणजे दोघांची आठवड्याची टिप चांगलीच जाणवणारी रक्कम. विमानाचं तिकीट, शेंगेन व्हिसा आणि त्यासाठी लागणारा किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बहुधा वेगळा. भारतातून बुकिंग केलं तर टीसीएस वेगळा कापला जातो. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण आज खिशातून जातोच. संध्याकाळच्या मैफिली, लांबच्या सहली यांचेही जादा पैसे.

खोली निवडतानाही नीट बघा. सर्वात खालच्या मजल्याच्या खोल्या स्वस्त. तिथली खिडकी पाण्याच्या जरा वर, लहान आणि न उघडणारी. बऱ्याच जहाजांत लिफ्ट तिथपर्यंत जात नाही. गुडघे दुखणाऱ्या आईला ती खोली नको. 'फ्रेंच बाल्कनी' या नावाला भुलू नका. ती उघडणारी काचेची दारं आणि पुढे कठडा एवढीच असते, खुर्ची टाकायला जागा नाही. आणखी एक गंमत. गर्दीच्या धक्क्यांवर जहाजं एकाला एक खेटून उभी राहतात. मग आपल्या खिडकीतून नदीऐवजी शेजारच्या जहाजातले आजोबा दाढी करताना दिसतात, आणि गावात जायचं तर त्यांच्या जहाजातून जावं लागतं.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण चौथ्या दिवशी बटाटा, पास्ता आणि सूप यांना वैतागतो. बुकिंगच्या वेळीच लेखी कळवलं तर स्वयंपाकी काळजी घेतात. आम्ही शेंगाची चटणी आणि मेतकूट नेलं होतं. कुंदा मात्र नेऊ नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. विमानतळावर पुडा टाकून द्यावा लागला तर जीव हळहळेल.

हे झालं जहाजाचं. आता नदीचं, कारण आमच्या सहलीत जे घडलं ते तिच्यामुळे.

मुलाने आमच्यासाठी न्यूरेंबर्ग ते बुडापेस्ट असा आठवड्याचा प्रवास ठरवला होता. ऑगस्ट संपत आला होता आणि तिकडे बरेच दिवस पाऊस नव्हता. न्यूरेंबर्गला उतरल्यावर कळलं की डॅन्यूबचं पाणी खाली गेलंय, जहाज पुढे पासाऊला थांबलंय, तिथपर्यंत बसने जायचं. बव्हेरियात श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा साधारण ७० किलोमीटरचा पट्टा बंधाऱ्यांशिवाय मोकळा वाहतो. पाणी कमी झालं की जहाजं अडतात ती तिथंच. बस चांगली होती, वाटेत रेगेन्सबुर्ग दाखवलं, जेवण दिलं. बसमधली काही मंडळी चिडली. पण करारात लिहिलेलंच होतं की पाण्याच्या पातळीमुळे मार्ग बदलला तर परतावा मिळणार नाही. बहुतेक कंपन्यांच्या करारांत हे कलम असतं.

आमचे हे मात्र अगदी गप्प. ह्यांची उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, बरीच वर्षं हिडकलच्या कालव्यांवर. संध्याकाळी हळूच म्हणाले, "मला तो कालवा बघायचा होता गं."

तो कालवा म्हणजे मेन नदीला डॅन्यूबशी जोडणारा १७१ किलोमीटरचा जलमार्ग. १९९२ साली पुरा झाला. त्यावर १६ लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला प्रचंड हौद. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी भरायचं, की जहाज वर उचललं जातं. न्यूरेंबर्गच्या पुढे एकेक लॉक २४ मीटरहून जास्त चढवतो. असं पायरी पायरीने जहाज समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर उंचीवर जातं आणि मग दुसऱ्या अंगाला डॅन्यूबकडे उतरतं. जहाज डोंगर चढताना बघायचं, एवढी एकच इच्छा ह्यांनी मनात धरली होती. मुलाला ती माहीत नव्हती. मी फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आई, बाबा एकदा बोलले असते तर पाण्याची चौकशी करून दुसरा महिना बघितला असता." हे म्हणाले, "तू एवढा खर्च करत होतास, त्यात मी आणखी काय मागू?"

मुलांनो, या वाक्यासाठीच हा लेख लिहितेय. तुमच्या घरीही हेच होणार आहे. तुम्ही पैशांचं बघता आणि ते संकोचाने गप्प बसतात.

पासाऊला डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या मिळतात. तिथल्या जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर पुराच्या खुणा आणि सालं कोरलेली आहेत. जून २०१३ चा पूर १२.८९ मीटरचा, १५०१ नंतरचा सर्वात मोठा. जी नदी आम्हाला पाण्याअभावी बसमध्ये बसवत होती, तीच तिथं माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर गेली होती. मला लगेच आपल्याकडच्या भिंतींवरच्या २००५ आणि २०१९ च्या खुणा आठवल्या. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी चढलं की पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडतो, हे आपण २०१९ आणि २०२१ मध्ये पाहिलंय. नरसोबाच्या वाडीला कृष्णेचं पाणी उत्तरदारातून आत येऊन पादुकांवरून दक्षिणदारातून बाहेर पडतं, तेव्हा लोक त्यात स्नान करतात. नदी तिच्या वेळेला येते, हे आपल्या आईबाबांना शिकवावं लागत नाही. म्हणून बसमध्ये चिडणाऱ्यांत आम्ही नव्हतो.

पासाऊच्या पुढे मात्र सगळं ठरल्याप्रमाणे झालं. ऑस्ट्रियातली डॅन्यूब बंधाऱ्यांनी बांधलेली, त्यामुळे लॉकमागून लॉक. ब्रातिस्लाव्हाच्या पुढे गाब्चिकोवोला जहाज एका दमात सुमारे २० मीटर खाली उतरतं. आम्ही तिथं रात्री पोचलो. ह्यांनी मला उठवलं. खिडकीबाहेर ओली काँक्रीटची भिंत वर वर सरकत होती आणि जहाज हलल्याचं कळतही नव्हतं. अर्धा तास हे खिडकीशी उभे होते, पाणी कुठून सोडतात ते मला समजावत. मेल्कचा मठ, व्हिएन्ना, रात्रीचं बुडापेस्ट, सगळं सुंदर होतं. पण घरी आल्यावर ह्यांनी सोसायटीतल्या मंडळींना सर्वात आधी सांगितलं ते गाब्चिकोवोचं.

तेव्हा पाठवा का, तर जरूर पाठवा. चालायला जमत असताना पाठवा. महिना निवडताना चौकशी करा. उन्हाळा सरता सरता आणि शरदात पाणी कमी असण्याचा धोका जास्त. ऱ्हाइनवर काउबच्या मापकावर ऑक्टोबर २०१८ मध्ये पाणी २५ सेंटिमीटरपर्यंत उतरलं होतं. पात्राची खोली त्याहून जास्त असते, तरी मोठ्या जहाजांची वाट अडायला तेवढं पुरतं. उलट सप्टेंबर २०२४ मध्ये पुरामुळे डॅन्यूबवरची जहाजं व्हिएन्नाला खोळंबली. म्हणजे बिनधोक असा महिना नाही. काय भाड्यात आहे आणि काय नाही, हे कंपनीकडून लेखी घ्या. पाणी कमी-जास्त झालं तर बस, दुसरं जहाज की हॉटेल, तेही विचारा.

आणि पैसे भरण्याआधी आईला वेगळं आणि बाबांना वेगळं विचारा, "तुम्हाला तिथं काय बघायचंय?" पहिलं उत्तर "काहीही चालेल" असंच येईल. दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

तुमच्यापैकी कुणी नदीवरचा असा प्रवास करून आलं असेल, तर काय आवडलं आणि काय खटकलं ते जरूर कळवा. पुढच्या वेळी ते सगळ्यांच्या उपयोगी पडेल.