रिव्हॉल्व्हर चकाकलं, पण इतिहास पुसला गेला!

इंदूरला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या घरी एक जुनं रिव्हॉल्व्हर होतं. तिचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते, त्यांचं. पुढे परवाना आजोबांच्या नावावर झाला. आजोबा गेले आणि ते जमा करायची वेळ आली. काकांना वाटलं, घरातून जातंय तर नीट जाऊ दे. त्यांनी पॉलिश पेपर घेतला आणि ते आरशासारखं चमकवलं.

मैत्रिणीने मला आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही फोटो पाठवले. आधीच्या फोटोत मुठीच्या मागच्या पट्टीवर काही पुसट अक्षरं होती. नंतरच्या फोटोत तिथे नुसती चमक!

ते होतं वेबली मार्क सिक्स. ब्रिटिश सैन्याने ते १९१५ मध्ये, म्हणजे पहिल्या महायुद्धात स्वीकारलं. बर्मिंगहॅमच्या वेबली अँड स्कॉट कंपनीत ते बनायचं. सहा गोळ्या आणि वजन एक किलोहून जास्त. खटका दाबून नळी खाली झुकवली की रिकामी काडतुसं एकदम बाहेर पडतात. मुठीच्या टोकाला एक कडी असते. तिला दोरी बांधली की धावपळीत शस्त्र हरवत नाही.

अशी शस्त्रं जमवणारे अभ्यासक चमक बघत नाहीत, खुणा वाचतात. सांगाड्यावरचं साल, सरकारी मालकीचा छोटा बाण, तपासणीचे शिक्के. सांगाडा, नळी आणि सिलिंडर यांवरचे क्रमांक जुळले, तर भाग मूळचे आहेत असं मानतात. दोन बाण टोकाला टोक लावून असतील, तर ते सैन्याने विकून टाकलेलं. राजमुकुटासोबत 'एनफील्ड' कोरलेलं असेल, तर ते १९२१ नंतर तिथल्या सरकारी कारखान्यात बनलेलं. अमेरिकेत गेलेल्या अनेक वेबलींचे सिलिंडर तिथली काडतुसं बसावीत म्हणून मागून घासले गेले. संग्राहकांच्या लेखी त्यांची किंमत कमी.

आणि मुठीच्या पट्टीवर बऱ्याचदा असते पलटणीची खूण. मैत्रिणीच्या रिव्हॉल्व्हरवर १९१७ साल होतं. म्हणजे पणजोबांच्या आधी ते दुसऱ्याच कुणाच्या कमरेला होतं. कुणाच्या? याचा धागा त्या अक्षरांतच होता.

तुमच्या घरी असं काही असेल, तर घासू नका आणि स्वतः उघडूनही बघू नका. जुनं आहे म्हणजे रिकामंच आहे, असं नसतं. शस्त्र कायदा १९५९ नुसार चालू स्थितीतल्या जुन्या रिव्हॉल्व्हरलाही परवाना लागतो. परवानाधारक वारले, तर विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ते जमा करा. वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. जमा करतानाच परवानगी घेऊन प्रत्येक खुणेचा स्पष्ट फोटो काढा. सोबत पट्टा, पत्रं, सेवापुस्तिका असेल, तर तीही जपा. आणि घरातल्या मोठ्यांना आजच विचारा, त्यांना आठवतंय तोवर.

मैत्रिणीचे काका आता तो पहिला फोटो मोबाईलवर मोठा करून करून बघतात. आतापर्यंत दोन अक्षरं लागली आहेत. उरलेली ते अजून शोधताहेत.