साखर वाढली, पण गोड न खाता!

बडोद्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र समोर आहे. वय ४२, व्यवसाय शिक्षिकेचा. आईच्या मांडीचे हाड मोडले म्हणून त्यांनी दहा रात्री रुग्णालयातल्या बाकावर काढल्या. त्याच सुमारास शाळेत आरोग्य तपासणी झाली आणि त्यांची उपाशीपोटीची रक्तातील साखर ११४ निघाली. त्या विचारतात, "आमच्या घरात कोणालाही मधुमेह नाही. मी चहातसुद्धा अर्धाच चमचा साखर घेते. मग ही साखर आली कुठून?"

ताई, बहुधा ती आपल्याच यकृतातून आली आणि ती सोडण्याचा हुकूम आपल्या अधिवृक्क, म्हणजेच ॲड्रिनल ग्रंथींनी दिला.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी बसलेली असते. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम, पण अधिकार मोठा! संकट आले की तिच्या गाभ्यातून ॲड्रिनॅलिन आणि बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात येतात. स्वादुपिंडातले इन्सुलिन स्नायूंच्या पेशींची दारे उघडून साखर आत घेते. ही संप्रेरके नेमके उलट करतात. यकृताला साखर सोडायला लावतात आणि स्नायूंना इन्सुलिनचे फारसे ऐकू देत नाहीत. हेतू चांगलाच असतो. संकटकाळी मेंदूला साखर कमी पडू नये, एवढीच ही तजवीज.

हे निरोगी माणसातही रोज घडते. कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते, पहाटे वाढू लागते आणि सकाळी जाग येण्याच्या वेळी शिखर गाठते. तरीही निरोगी माणसाची साखर फारशी वाढत नाही, कारण स्वादुपिंड तेवढे जास्त इन्सुलिन तयार करून हिशेब जुळवते. म्हणजे अहवालात काही दिसले नाही, तरी आत जादा काम चालूच असते.

झोप मोडली की हा हिशेब बिघडतो. शिकागो विद्यापीठात ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांचे संध्याकाळचे कॉर्टिसॉल वाढलेले आढळले आणि साखर पचवण्याची शक्ती स्पष्टपणे घटली. हे सारे ऐन तारुण्यातले धडधाकट पुरुष होते. मग दहा रात्री जागलेल्या, काळजीने पोखरलेल्या बेचाळिशीच्या लेकीचे काय होणार?

मात्र "ताणामुळे वाढली, आपोआप उतरेल" म्हणून अहवाल कपाटात ठेवू नका. उपाशीपोटी १०० च्या आत साखर असणे चांगले. १०० ते १२५ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पातळी, तर १२६ किंवा अधिक आकडा दोनदा आला तर मधुमेह समजतात. ताण सगळ्यांवरच येतो; पण ज्याच्या स्वादुपिंडाची शिल्लक कमी, त्याची साखर आधी वर येते. म्हणून हा आकडा वेळेवर मिळालेला इशारा समजावा.

आणखी एक गोष्ट. दमा, संधिवात अशा विकारांवर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या कॉर्टिसॉलसारखेच काम करतात आणि साखर वाढवू शकतात. सांधेदुखीवरच्या काही बिननावाच्या पुड्यांमध्येही स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे. घरात कोणी अशी पुडी घेत असेल तर ती डॉक्टरांना अवश्य दाखवा. पण बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड आपल्या मनाने एकदम बंद करू नका. बाहेरून मिळू लागले की आपली ग्रंथी सुस्तावते. अशा वेळी औषध अचानक थांबले तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते.

ताई, आता आपण काय करावे? आईजवळच्या रात्रीच्या पाळ्या भाऊ, वहिनी, भाचरे यांच्यात वाटून घ्या. दोन-तीन आठवडे रोज सात तास तरी झोपा. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास भरभर चाला. चालणारे स्नायू इन्सुलिनची फारशी मदत न घेताही साखर ओढून घेतात. मग उपाशीपोटीची साखर पुन्हा तपासा आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणीही करून घ्या. ती ५.७ च्या आत आली तर निश्चिंत व्हा, पण दरवर्षी तपासणी चुकवू नका. आकडे वरच राहिले तर दोन्ही अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जा.

आईची सेवा करणे हे आपले कर्तव्यच. पण सेवा करणारीने अंथरूण धरले, तर आईकडे कोण पाहणार? तेव्हा आज रात्री आधी झोपा!